ॲम्बेसेडरच्या बॉनेटखाली नेमकं कोणतं इंजिन आहे ते कसं शोधायचं

मामांची ॲम्बेसेडर १९६४ ची, मार्क टू. धरमपेठेत घराच्या बोळीत ताडपत्रीखाली सहा वर्षं उभी होती. मागच्या दिवाळीत त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली, म्हणाले "घे, आता तूच पाह हिचं काय करायचं ते". मी मोठ्या हौसेनं व्हिंटेज नोंदणीचे कागद जमवायला बसलो अन् पहिल्याच दिवशी गाडं अडलं. आरसी बुकात इंजिन नंबर स्वच्छ लिहिलेला, पण ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव ठोकळ्यावर, जिथं नंबराची पत्री पाहिजे तिथं नुसती रिव्हेटची दोन भोकं. पत्री गायब. मामांना विचारलं तर म्हणे "ओरिजिनल इंग्लंडचं इंजिन आहे रे ते, नंबर काय पाहतो". शेजारचे काका म्हणाले नाही, हे एमजीचं, त्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं, बसवलेलं आहे.

पाच महिने लागले हा गुंता सुटायला. जे शिकलो ते इथं लिहून राहिलो, कारण नागपुरात अशा गाड्या अजून बऱ्याच बोळींत उभ्या आहेत अन् प्रत्येकीच्या इंजिनाची एक दंतकथा आहेच.

आधी थोडी कुळकथा सांगतो, ती माहीत नसली तर पुढचे आकडे डोक्यावरून जातील. ब्रिटनमधे १९५२ मधे ऑस्टिन अन् मॉरिसवाली नफील्ड अशा दोन कंपन्या एकत्र येऊन बीएमसी झाली. त्यांची इंजिनं तीन घराण्यांत, लहान ते ए-सिरीज, मधलं बी, मोठं सी. आपल्या ॲम्बेसेडरमधलं बी-सिरीज. त्याची मूळ जात ऑस्टिनची, १९४७ च्या ए-४० डेव्हनमधलं १२०० सीसीचं इंजिन. मग १९५३-५४ मधे १४८९ सीसी आलं, एमजी मॅग्नेट, मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज टू, ऑस्टिन केम्ब्रिज अशा गाड्यांत. पुढं एमजीच्या एमजीए गाडीत १५८८ अन् १६२२, आणि १९६२ मधे तिच्यामागून आलेल्या एमजीबीसाठी १७९८. सगळी एकाच आजीची नातवंडं. आपल्याकडं हिंदुस्थान मोटर्सनं १९५७ मधे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीच्या साच्यावर ॲम्बेसेडर आणली तेव्हा तिच्यात जुनं १४७६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह वर नसून बाजूला असलेलं) इंजिन होतं, बी-सिरीजचं १४८९ आलं १९५९ मधे. मग ते जे बसलं ते बसलंच. तिकडं एमजीबी १९८० मधे बंद पडली, बी-सिरीजचं तिथलं पर्व संपलं, अन् आपल्याकडं मात्र हिवाळी अधिवेशनात रविभवनासमोर पांढऱ्या ॲम्बेसेडरची रांग त्यानंतरही कितीतरी वर्षं लागत होती. १८०० सीसीचं इसुझू इंजिन १९९२ मधे आलं, ते जपानी, त्याचा या कुळाशी संबंध नाही. तुमच्या गाडीवर मागं १८०० आयएसझेड लिहिलं असेल तर हे सगळं तुमच्यासाठी नाही.

आता कामाचं. बॉनेट उघडल्यावर पहिल्यांदा काहीही पुसू नका, नुसतं पाहा अन् मोबाईलनं सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कोणत्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत, कुठं दुसऱ्या रंगाचा पेंट आहे, हे धुतल्यावर जाते. मी धुतलं होतं, म्हणून सांगून राहिलो.

मग वरून पाहा. हेडवर, म्हणजे ब्लॉकच्या वर बसवलेल्या भागावर, पत्र्याचं लांबट झाकण आहे का, ज्याच्या खाली रॉकर असतात? असेल तर ओव्हरहेड व्हॉल्व्ह. झाकण नसून हेड चपटं पाटासारखं असेल अन् स्पार्क प्लग वरूनच खोवलेले असतील तर ते साइड व्हॉल्व्ह, म्हणजे १९५९ च्या आधीच्या वंशातलं, अन् तसं सापडलं तर आधी मला फोटो पाठवा. बी-सिरीजमधे कार्बोरेटर, सायलेन्सरकडं जाणारा मॅनिफोल्ड हे सगळं डाव्या बाजूला, अन् प्लग, डिस्ट्रिब्युटर, डायनामो उजव्या बाजूला. डावं-उजवं ड्रायव्हरच्या सीटवर बसून धरायचं, बंपरसमोर उभं राहून नाही, यात मी स्वतः एकदा फसलो. प्लगच नसतील अन् त्या जागी इंजेक्टर असतील तर तुमचं बी-सिरीजचं डिझेल आहे, तेही १४८९ सीसीच. म्हणजे कागदावर नुसतं "१४८९" लिहिलेलं असलं तर पेट्रोल की डिझेल ते त्यावरून कळत नाही. पेट्रोलच्या गाडीत नंतर डिझेल बसवायची आपल्याकडं एक लाटच होती, तेव्हा आरसीवरचा इंधनाचा रकाना अन् बॉनेटखालचं वास्तव जुळते का ते इथंच पाहून घ्या.

आता नंबर. बीएमसीच्या या इंजिनांवर नंबराची छोटी पत्री असते ब्लॉकच्या उजव्या अंगाला, डायनामोच्या वरच्या भागात, हेडच्या थोडी खाली. साठ वर्षांचं तेल अन् धूळ तिथं डांबरासारखं बसलेलं असते. रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर डिझेल, एका फडक्यावर घेऊन अर्धा तास तसंच चिकटवून ठेवायचं, मग पितळी ब्रशनं हळूहळू. लोखंडी ब्रश नको, ग्राइंडर तर अजिबातच नको. तिथं ग्राइंडरची एक रेघ जरी दिसली तरी उद्या आरटीओत किंवा गाडी विकताना समोरचा हेच म्हणणार की नंबर खोडला, मग तुम्ही कितीही शपथा घ्या. आकडे उघडे पडले की खडूची पूड बोटानं चोळायची अन् वरून कोरडं फडकं फिरवायचं, खोलगट भागात पांढरं राहते अन् आकडा एकदम उठून दिसते. मग पातळ कागद सेलोटेपनं चिकटवून पेन्सिल आडवी धरून घासायची, आरटीओसाठी चेसिसचा ठसा घेतात ना तसाच. फोटोत तीन अन् आठ सारखेच दिसतात. ठशात नाही.

हा नंबर वाचायचा कसा? बीएमसीच्या पद्धतीत आधी इंजिनाचा आकार शंभरच्या हिशोबात, १५ म्हणजे पंधराशेवालं, १६ म्हणजे सोळाशेवालं, १८ म्हणजे अठराशेवालं. पुढचं अक्षर गाडीच्या घराण्याचं, ए ऑस्टिन, एम मॉरिस, जी एमजी, आर रायली, डब्ल्यू वूल्झली. त्याच्या पुढचं अक्षर आवृत्तीचं. मग गिअरचं, यू म्हणजे गिअरचा दांडा मधे जमिनीवर, एन म्हणजे स्टेअरिंगवरचा गिअर. अन् शेवटी एच किंवा एल, हाय कम्प्रेशन की लो कम्प्रेशन. त्यानंतर खरा अनुक्रमांक. म्हणजे १५जीबी-यू-एच असं दिसलं तर पंधराशे, एमजी, बी आवृत्ती, जमिनीवरचा गिअर, हाय कम्प्रेशन, हे एमजीएचं इंजिन. त्याच्या आधीच्या काळात याच्या सुरवातीला आणखी बीपी लावायचे, बीपी१५जीबी, त्यातला बी म्हणजे बी-सिरीज अन् पी म्हणजे पुशरॉड. एमजीए ट्विन कॅमचं बीसी१६जीबी. एमजीबीचं आधी १८जी, मग १८जीए, अन् १९६४ च्या शेवटी १८जीबी आलं ते पाच मेन बेअरिंगचं (क्रँकशाफ्ट ज्यांच्यावर फिरते ती), त्याच्या आधीची सगळी तीन बेअरिंगची. १९७० च्या दशकात १८व्ही. हे सगळं तिकडं बनलेल्या इंजिनांचं झालं बरं का. उत्तरपाड्याला, म्हणजे हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात, बनलेल्या इंजिनावर हे कोष्टक लावून अर्थ काढत बसू नका, तो नंबर हिंदुस्थान मोटर्सचा, तो आरसीशी अन् कंपनीच्या जुन्या कागदांशीच जुळवायचा.

अन् पत्रीवर आंधळा भरवसा तर ठेवूच नका. पत्री निघते, दुसरीकडं बसते. याचा माझा अनुभव ऐका. आमच्या इंजिनाची ही गत पाहून मी एक स्पेअर इंजिन शोधत होतो, तर एका कबाडीवाल्यानं, नाव सोडा, सांगितलं की माझ्याकडं एमजीबीचं अठराशेचं इंजिन आहे, पत्रीसकट. गेलो, पाहिलं, पत्रीवर खरंच १८जीबी. मी पाच हजार ॲडव्हान्स देऊन मोकळा. घरी येऊन फोटो मोठा करून पाहतो तर पत्रीला बसवलेलं रिव्हेट चकचकीत ॲल्युमिनियमचं, मधे भोक असलेलं, आजकाल नंबर प्लेटला मारतात ते. साठ वर्षांच्या काळ्याकुट्ट ब्लॉकवर कालचं रिव्हेट. पोटात गोळाच आला.

दुसऱ्या दिवशी चाचांना घेऊन गेलो. चाचा म्हणजे आमच्या ओळखीतले जुने मिस्त्री, चाळीस वर्षं ॲम्बेसेडरच करत आले. मी तोवर हुशारी करून एक तार प्लगच्या भोकातून आत सोडून पिस्टन वर-खाली करून स्ट्रोक (तो किती सरकते ते) मोजत बसलो होतो. प्लग तिरपा बसतो त्यामुळे तारही तिरपीच जाते, कधी ८६ येई, कधी ९१. चाचा बराच वेळ पाहत राहिले अन् मग म्हणाले, "बेटा, सबका स्ट्रोक तो एकही है." खरंच आहे. १२०० पासून १७९८ पर्यंत बी-सिरीजचा स्ट्रोक साडेतीन इंच, म्हणजे ८८.९ मिलिमीटर, तो कधी बदललाच नाही. बदलला तो बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. १२०० ला साधारण ६५.५ मिलिमीटर, १४८९ ला ७३.०२५, १५८८ ला ७५.४, १६२२ ला ७६.२, अन् १७९८ ला ८०.२६. म्हणून स्ट्रोक मोजून काहीही कळत नाही, हेड काढून बोअरच मोजावा लागते. (साइड व्हॉल्व्हचं निराळं, ते ७३.५ बाय ८७.)

बोअर मोजायचाही एक तरीका आहे. सिलिंडर वरच्या टोकाला जास्त झिजते, तिथं बोटाला एक कंगोरा लागते, त्या कंगोऱ्याच्या लगेच खाली मोजलं तर झिजलेलं माप येते. खरं माप पाहिजे तर अगदी खाली, जिथवर पिस्टनच्या रिंगा पोचत नाहीत तिथं डायल लावायचा, तोही दोन दिशांनी, गाडीच्या लांबीत एकदा अन् रुंदीत एकदा. बोरिंगवाल्याकडं बोअर डायल असते, पन्नास-शंभर रुपयांत मोजून देते. ते लोक अजून इंचातच बोलतात, थाऊमधे, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. १४८९ चा बोअर २.८७५ इंच. झिजलेलं सिलिंडर कोरून मोठं करतात, तेव्हा वीस, चाळीस, साठ थाऊ ओव्हरसाइज असं वाढत जाते. कबाडीवाल्याच्या त्या "एमजीबी" इंजिनाचा खालचा बोअर आला २.९१५, म्हणजे बरोबर चाळीस थाऊ वाढवलेलं १४८९. हिशोब केला तर ते इंजिन आता १५३१ सीसी भरते, अठराशे नाही अन् एमजीबी तर नाहीच नाही. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन रॉकेलनं भिजवून लाकडी पट्टीनं खरवडला तर खाली ०४० असा छाप निघाला, चाचांनी नुसती मान हलवली. पाच हजारातले तीन परत मिळाले, उरलेले दोन मी शिकवणीची फी धरली.

अन् एक गोष्ट उलटीही लक्षात ठेवा. बोअर एकदम स्टॅंडर्ड आला म्हणून इंजिन कोरं असं होत नाही. साठच्या पुढं गेलेल्या ब्लॉकला स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आत नवी नळी, टाकून परत स्टॅंडर्डवर आणतात, सिलिंडरच्या वरच्या काठावर बारीक गोल रेघ दिसली तर स्लीव्ह आहे.

पत्री नसेल तर मग काय? मग लोखंड वाचायचं. ब्लॉक अन् हेडवर दोन तऱ्हेचे आकडे असतात. ओतीव काम करतानाच साच्यातून आलेले, ते उठावदार, बोटाला वर लागतात. अन् नंतर ठोकलेले, ते आत दबलेले. उठावदार आकडा म्हणजे त्या ओतीव भागाचा नंबर, त्याच साच्यातल्या सगळ्या भागांवर तोच, म्हणजे तुमच्या एका गाडीची ओळख नाही, पण जात कळते. एमजीबीच्या हेडवर १२एच९०६ किंवा १२एच२३८९ असं दिसते. ए-सिरीजवाल्यांकडं १२जी९४० प्रसिद्ध आहे. अन् ज्या भागावर हिंदुस्थान मोटर्सचा छाप असेल तो इकडचा, एवढं सरळ. ठोकलेल्या आकड्यांत पाहायचं ते हे की सगळे एका उंचीवर, एका दाबानं आहेत का. गॅरेजमधे हातोडीनं ठोकलेले आकडे दारू प्यायल्यासारखे उभे असतात.

वरच्या लटकवलेल्या वस्तूंवरून इंजिनाचं वय ठरवू नका, डिस्ट्रिब्युटर, डायनामो, स्टार्टर हे शंभर वेळा बदलतात. पण वाचून मात्र ठेवा. लुकासच्या वस्तूंवर मॉडेलचा नंबर अन् महिना-वर्ष ठोकलेलं असते, ६ ५९ म्हणजे जून १९५९. इकडच्या लुकास-टीव्हीएसच्या असतील तर त्या १९६१ च्या नंतरच्याच, कारण ती कंपनीच तेव्हाची. मामांच्या गाडीचा स्टार्टर ६३ चा निघाला, बाकी सगळं मागाहूनचं.

नट-बोल्टही बोलतात. बी-सिरीजला यूएनएफ म्हणजे इंची मापाचे आटे, साध्या इंची पान्यांनी काम होते. पण कोणाकडं एमजी टीसी वगैरे असेल अन् बोल्टचं डोकं व्हिटवर्थच्या (जुन्या इंग्रजी मापाच्या) पान्याला बसत असून आटे मेट्रिक निघाले तर घाबरू नका, कोणी चुकीचा बोल्ट नाही घातला. हॉचकिस नावाच्या फ्रेंच कंपनीचा कोव्हेंट्रीतला कारखाना मॉरिसनं १९२३ मधे विकत घेतला, एमजीची ही इंजिनं तिथलीच, तिथली यंत्रं मेट्रिक आट्यांची, पाने मात्र इंग्रजी मिस्त्र्यांचे, म्हणून हा खिचडीबोल्ट. मला तर हे फार आवडते.

आता कागद. आरसी बुक जुनं असेल तर त्याच्या मागच्या पानांवरच्या शेऱ्यांचे फोटो काढा, स्मार्ट कार्ड झालं की ते शेरे त्यावर येत नाहीत. इंजिन बदललं असेल तर ते आरसीत चढवायचं असते, मोटार वाहन कायद्यातच आहे ते, कलम ५२, पण त्या काळी बऱ्याच लोकांनी चढवलंच नाही. जुन्या विम्याच्या पॉलिश्या शोधा, प्रत्येकीवर इंजिन नंबर असते, अन् कोणत्या वर्षी तो बदलला हे सलग लावलं की आपोआप दिसते. गाडी सरकारी लिलावातली असेल तर लॉगबुक मागा. अन् गॅरेजची बिलं, ती तर सोनं. लोक आरसी जपतात अन् बिलं रद्दीत देतात.

ज्यांची गाडी ब्रिटनमधे बनून आलेली आहे त्यांच्यासाठी आणखी एक दार आहे. तिकडं गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, त्यांच्याकडं एमजी, ऑस्टिन, मॉरिस वगैरेंच्या कारखान्यांच्या जुन्या नोंदवह्या आहेत अन् फी भरली की ते हेरिटेज सर्टिफिकेट देतात, गाडी कोणत्या तारखेला बनली, कोणत्या नंबराचं इंजिन घालून, कोणत्या रंगात, कुठं पाठवली. अर्ज चेसिस नंबरावर करायचा. उत्तरपाड्याच्या गाडीसाठी हे पैसे घालवू नका, तिची नोंद तिथं कशाला असेल.

अन् हे सगळं कशाला, असं कोणी विचारेलच. २०२१ मधे केंद्राचा व्हिंटेज गाड्यांचा नियम आला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठे बदल न केलेली गाडी व्हीए मालिकेत नोंदवता येते, नवीन नोंदणीला २० हजार, पुनर्नोंदणीला ५ हजार, मुदत दहा वर्षं. तिथं इंजिनाचा प्रश्न येतोच. म्हणून एका कोऱ्या वहीत सगळं लिहून ठेवा, पत्रीचा ठसा, ओतीव नंबर, बोअरचं माप, कोणी मोजलं, कधी मोजलं, अन् प्रत्येक ओळीपुढं हे डोळ्यांनी पाहिलं की कोणाकडून ऐकलं ते. मामांचं "इंग्लंडचं इंजिन" मी दुसऱ्या रकान्यात टाकलं, ते दोन दिवस बोलले नाहीत.

आमच्या इंजिनाचा उलगडा कुठं झाला ते सांगतो. हेड काढलं, बोअर मोजला, २.८७५, स्लीव्हची रेघ नाही. म्हणजे ब्लॉक एकतर कधीच न उघडलेला किंवा नंतर नवीन आणलेला. कधीच न उघडलेला असणं शक्य नाही, मामांनी ती गाडी मे महिन्याच्या उन्हात, तापलेल्या इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून चंद्रपूरला नेलेली आहे. मी अंदाज बांधत होतो तेवढ्यात मामींनी त्यांच्या ट्रंकेतून एक प्लॅस्टिकची पिशवी आणून दिली, त्यात लग्नपत्रिका, दोन एलआयसीच्या पावत्या अन् १९८३ चं एका गॅरेजचं बिल, कार्बन कॉपी, निळं पुसटलेलं. "ब्लॉक असेंब्ली नवीन, एक नग. जुना ब्लॉक जमा." जुन्यासोबत पत्रीही गेली, नव्यावर कोणी लावलीच नाही.

मी मामींना विचारलं, हे बिल तुम्ही चाळीस वर्षं जपून कसं काय ठेवलं. म्हणाल्या, "त्या दिवाळीत मला पाटल्या करायच्या होत्या, अन् तुझ्या मामानं हे आणलं. टाकून कशी देईन?"